शाळेच्या मैदानावरची फ्रेंच वसाहत

माधवनगरच्या त्या बोळात शिरलं की घर दिसायच्या आधी वास येतो. कापसाला वास असतो हे कुणाला सांगून पटत नाही, पण असतो. उन्हात टाकलेल्या जुन्या गादीला येतो तसा, उबदार, किंचित तेलकट, सरकीची आठवण करून देणारा. बोळातले माग आता पुष्कळसे थांबलेत. पूर्वी इथं बोलायचं तर आवाज चढवूनच बोलावं लागे. परवा मी गेले तेव्हा एका घरातल्या कुकरची शिट्टी पार दुसऱ्या टोकाला ऐकू आली. वास मात्र होता. भिंतींनी तो पिऊन ठेवला असावा.

मी साताऱ्याला जमीन मोजणीच्या खात्यात आहे. कुणाचा बांध कुठं, कुणाची हद्द कुठवर, हे सांगता सांगता पन्नाशीला आले. कामासाठी सांगलीला आले होते, दुपारी लवकर मोकळी झाले, तर शाळेतल्या बाईंना भेटून जावं म्हटलं. नदाफबाई ओसरीवर खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होत्या. चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाल्या, "ये गं पाटील. किती दिवसांनी!"

जगात मला पाटील म्हणणारं हे एवढंच माणूस. माझं आडनाव पाटील नाही, घराण्यात कुणी पाटीलकी केलेली नाही. ते नाव मला फ्रेंचांमुळं मिळालं, आणि तेही आटपाडीच्या बाजूला, आमच्या वस्तीवरच्या शाळेत, सातवीत असताना.

आमची वस्ती धनगरांची. दिवाळी झाली की आई आणि बापू मेंढरं घेऊन मावळतीकडं निघायचे, कऱ्हाडच्या अंगाला, जिकडं पाणी आणि हिरवं रान. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर टोपलीत कोंबड्या, मागं जिभा काढलेली कुत्री. रोहिणी संपत आल्या की तीच माणसं, तीच मेंढरं उलट्या वाटेनं परत यायची. मधल्या काळात वस्तीवर म्हातारी माणसं आणि शाळेत नाव घातलेली पोरं, एवढीच राहायची. मी तात्यांजवळ असे. तात्या म्हणजे माझे आजोबा. सहा फुटांचे, कानात बाळी, खांद्यावर बारमाही घोंगडं. त्यांचे हात इतके राकट दिसायचे, पण धरले की मऊ लागायचे. जन्मभर लोकर हाताळून तिचं तेल कातड्यात मुरलं होतं. सकाळी ते चुलीवर हुलग्याचं माडगं शिजवायचे, त्याचा खमंग, थोडासा करपट वास अंगणभर पसरायचा, आणि माझी वेणी घालता घालता ते मेंढरांची नावं घ्यायचे. आई-बापू कुठल्या गावच्या शिवारात असतील याचा त्यांचा अंदाज असे. "आज कोरेगावापातूर गेली असतील बघ," असं म्हणायचे आणि तेवढ्यानंच आमच्या दोघांचा दिवस बरा जायचा.

सातवीच्या वर्षी नदाफबाई आमच्या शाळेत आल्या. तेव्हा त्या पंचविशीच्या असतील. सांगलीकडची शहरी बाई, मुसलमानाची, ही हितं किती दिवस टिकणार, असं वस्तीवर सगळे म्हणत. त्या गावात खोली घेऊन राहिल्या आणि रोज दोन मैल चालत वस्तीवर येऊ लागल्या. इतिहासाच्या पुस्तकात फ्रेंचांवर जेमतेम दोन ओळी होत्या. बाई त्या दोन ओळींवर पंधरा दिवस थांबल्या.

फ्रान्सच्या राजानं एका कप्तानाला जहाजं देऊन पश्चिमेच्या समुद्रात धाडलं. त्याला चीनचा आणि हिंदुस्थानचा रस्ता शोधायचा होता.

"म्हंजी आपल्याकडंच यायचं हुतं?" शालननं विचारलं. शालन माझ्या शेजारी बसायची.

"आपल्याकडंच."

"मग आलं का न्हाईत?"

"मध्ये अख्खा एक देश आडवा आला," बाई म्हणाल्या.

आम्हाला त्या लोकांची खरोखर कीव आली. एवढं निघाले, आणि आपल्यापर्यंत पोचलेच नाहीत. पोचले असते तर तात्यांनी त्यांना माडगं पाजलं असतं, याची मला खात्री होती.

मग बाईंनी ती नदी सांगितली. तिच्या मुखाशी उभं राहिलं तर पैलतीर दिसत नसे. आम्हाला ठाऊक तो आमचा ओढा, वर्षातले दहा महिने कोरडी वाळू असलेला. एका काठावर शिंकलं तर दुसऱ्या काठावरचा माणूस वळून बघायचा. "एवढ्या पाण्याचं ती माणसं करत्यात तरी काय?" असं कुणीतरी विचारलं होतं. बाईंनी मासे सांगितले, झाडाच्या सालीच्या होड्या सांगितल्या, काठावरच्या वस्त्या सांगितल्या. तिथले लोक वस्तीला 'कनाटा' म्हणत, आणि कप्तानाला वाटलं हे देशाचंच नाव. तेच पुढं कॅनडा झालं. म्हणजे कॅनडा म्हणजे वस्ती. मग आमची वस्तीही कॅनडाच की! दुसऱ्या दिवशी शाळेच्या भिंतीवर कोळशानं मोठ्या अक्षरात 'कॅनडा' लिहिलेलं होतं. ते कुणी लिहिलं, हे बाईंनी विचारलं नाही. पुसायलाही लावलं नाही.

तिथल्या हिवाळ्यापाशी मात्र आमचं घोडं अडलं. बर्फ म्हणजे आटपाडीच्या बाजारातल्या गोळेवाल्याकडचा, पोत्यात गुंडाळलेला, भुसा लागलेला. तो आभाळातून कसा पडणार? लागत नाही का डोक्याला? बाईंनी खूप समजावलं आणि शेवटी म्हणाल्या, "आमचे अब्बा पिंजारी आहेत. गाद्या भरतात. ते कापूस पिंजतात तेव्हा दुकानात जे उडतं ना, तसा पडतो. थांबा, दाखवतेच तुम्हाला."

तिथून त्या नाटकाची कल्पना निघाली. संक्रांतीनंतरच्या स्नेहसंमेलनात आमच्या शाळेनं फ्रेंचांची वसाहत करायची ठरवली.

जहाज म्हणजे बैलगाडीचा साटा, चाकांवरची फळ्यांची बैठक. शीड म्हणून तात्यांनी आपलं धुवट धोतर दिलं. कप्तान शालन झाली. तिला काळ्या शेळीच्या केसांची दाढी चिकटवली होती आणि डिंकानं हनुवटी खाजायला लागली की ती ओढून पुन्हा दाबायची. पाच खलाशी. आणि त्या नदीकाठच्या गावाचा मुखिया म्हणजे मी. मुखिया हा शब्द आमच्या कुणाच्या तोंडात बसेना. म्हणून बाई म्हणाल्या, "गावचा मोठा माणूस ना, मग पाटील म्हणा." माझ्या डोक्याला मोरपिसं लावली, कपाळावर तांबडी काव ओढली आणि मी पाटील झाले.

तालमींचे ते दिवस अजून तसेच्या तसे आठवतात. दुपार कलली की मैदानावर कडुलिंबाची सावली लांब व्हायची, वाळलेल्या गवताचा वास यायचा, दूर कुठंतरी होल्या पाखराचं घुमणं चालू असायचं, आणि आम्ही कॅनडात असायचो. त्याच दिवसांत बाईंनी मला एकदा बाजूला घेतलं. त्यांची बदली होणार होती, घराजवळ, माधवनगरच्या बाजूला. आमची शाळा सातवीपर्यंतच. पुढची शाळा लांब; पोरींना कुणी पाठवत नसे. "तू आमच्या घरी राहशील? सांगलीच्या शाळेत घालते तुला. तात्यांशी मी बोलेन," त्या म्हणाल्या. मी वाऱ्यासारखी पळत घरी गेले आणि बाईंच्या आधी मीच तात्यांना सांगून टाकलं. तात्या म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे जवळजवळ होच.

संमेलन दिवसाउजेडी झालं, कारण वस्तीवर वीज नव्हती. आसपासच्या तीन-चार वस्त्यांची माणसं आली होती. तात्या पुढच्या रांगेत, काठीवर हनुवटी टेकून.

कप्तानानं येऊन आमच्या रानात मोठा खांब रोवला. मी विचारलं, "आमच्या जमिनीत खांब का रोवला?" आणि बाईंनी शिकवल्याप्रमाणं चारी दिशांना हात फिरवून दाखवलं की हे सगळं आमचं आहे. शालन दाढी दाबत म्हणाली, "वाट चुकू नये म्हणून नुसती खूण केली आहे, पाटील." आज मी लोकांच्या रानात मोजणीच्या खुंट्या ठोकते, तेव्हा समोर उभ्या असलेल्या माणसाला आधी सगळं नीट सांगते. ती सवय तिथली.

मग हिवाळा आला. लिंबाच्या झाडावर दोन पोरी चढून बसल्या होत्या, जवळ अब्बांनी पाठवलेल्या कापसाची दोन पोती. त्यांनी मुठी मुठी कापूस सोडला आणि नेमका तेव्हाच वारा आला. पिंजलेला कापूस खाली पडेचना. तो तरंगत राहिला, उन्हात चमकत, लोकांच्या मुंडाशांवर, बायकांच्या पदरांवर, कुत्र्यांच्या पाठींवर अलगद उतरत. माणदेशातली ती शे-दोनशे माणसं माना वर करून बघत राहिली. पुढं मी एकदा हिमाचलात खरा बर्फ पाहिला. चांगला होता, पण तेवढा नाही.

खलाशी आजारी पडले. त्यांच्या हिरड्या सुजल्या, पाय काळे पडले. खऱ्या गोष्टीतही तसंच झालं होतं. ताजं अन्न नाही, बाहेर बर्फ, माणसं एकामागून एक मरत होती. मग तिथल्याच लोकांनी एका झाडाची साल आणि पाला उकळून पाजला आणि मरणारी माणसं उठून बसली. आमच्या नाटकात ते झाड म्हणजे लिंब. बाईंनी खरोखरच पाला उकळला होता. पाचही खलाशांची तोंडं अशी झाली की सगळं मैदान हसून लोटपोट झालं.

शेवटचा प्रवेश पाटलाचा. वसंत येतो, बर्फ वितळतं, कप्तान परत निघतो. निघताना पाटलाला म्हणतो, जहाजावर या, आमच्या राजाला भेटा. बारा पुनवांनी परत आणून सोडतो. मी साट्यावर पाय ठेवला. आणि पुढच्या रांगेतून तात्या ताडकन उभे राहिले.

"जाऊ नगंस रं पाटला! खोटं बोलतुया त्यो!"

आधी सगळे हसले. मग तात्यांचा चेहरा बघून थांबले. मी पडद्याआड उभ्या असलेल्या बाईंकडं पाहिलं. त्यांनी जा असंही खुणावलं नाही, थांब असंही नाही. मला माझं वाक्य पाठ होतं. मी म्हटलं, "माझी माणसं वाट बघतील. मी बारा पुनवांनी येईन." चार पोरींनी गाडी ओढली, तात्यांचंच धोतर वाऱ्यानं फुगलं आणि मी मैदानाबाहेर गेले. मागून बाईंचा स्पष्ट आवाज आला. पाटील परत आला नाही. पाच वर्षांनी कप्तान आला, तो नांगर, गुरं, बियाणं आणि राहायला माणसं घेऊन. पाटील तिकडंच वारला होता. त्याच्याबरोबर नेलेल्या बाकीच्यांबद्दल कप्तान खोटंच बोलला, की ती तिकडं मोठी सरदार झालीत, लग्नं केलीत, त्यांना यायचंच नाही. ती वसाहत दोन हिवाळ्यांपलीकडं टिकली नाही. कप्तानानं हिरे आणि सोनं म्हणून नेलेले दगड नुसते दगड निघाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तात्या कापसात तसेच उभे होते.

घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "न्हाई. तुला धाडायची न्हाई." मी रडले, रुसले, दोन दिवस जेवले नाही. तात्यांनी भाकरी झाकून ठेवली आणि स्वतःही खाल्ली नाही. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई आमच्या दारात आल्या. तात्यांनी त्यांना घोंगडं अंथरून दिलं, दुधाचा चहा दिला, आणि मग बोलायला सुरुवात केली.

"आवं बाई, तुमीच दावलं की समद्यांम्होरं. कसं गोड बोलून नेत्यात आन् कसं इसरत्यात."

"दाखवलं," बाई म्हणाल्या. "खरं होतं म्हणून दाखवलं."

"मंग आता माझी पोरगी मागाय कोणत्या तोंडानं आलाय?"

मला वाटलं, बाई आता उठून जाणार. त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली. मग त्या म्हणाल्या, "तात्या, तुम्हीच सांगा. कशी नेली तर द्याल?"

हे तात्यांना अपेक्षित नव्हतं. शहरातून आलेल्या माणसानं त्यांना असं काही कधी विचारलं नसावं. काठीच्या टोकानं ते मातीत रेघा ओढत राहिले.

"बारा पुनवा न्हाई," शेवटी ते म्हणाले. "दर पुनवंला पोरगी ह्या दारात पायजे. तुमी सोता आणायची. येष्टीत बसवून द्यायची न्हाई."

"पुनवेच्या जवळचा रविवार धरला तर? शाळा असते हो माझी."

"चांद काय रविवार बघून उगवतुया व्हय?"

बाई मोठ्यानं हसल्या. "बरं," त्या म्हणाल्या. "पुनव तर पुनव."

रोहिणीत परतलेल्या आई-बापूंनीही तात्यांचा शब्द मोडला नाही, आणि अशी मी माधवनगरला आले. नदाफांचं घर म्हणजे पुढं दुकान, मागं दोन खोल्या आणि न्हाणीजवळ एक पेरूचं झाड. अब्बा पहाटेच कामाला बसायचे. छताला टांगलेली ती भली मोठी पिंजण, धनुष्यासारखी, आणि लाकडी मुठीनं तिच्या ताणलेल्या तातीवर, दोरीवर, मारलेला ठोका. तुंऽई, तुंऽई. त्या आवाजानं मला जाग यायची. पहिल्या आठवड्यात त्यानं रडू यायचं. महिन्याभरात त्याच्याशिवाय जाग येईना. अब्बांच्या पापण्यांवर, भुवयांवर, दाढीवर बारीक तंतू बसलेले असायचे. ते नमाजाला जाण्याआधी अंगणात उभे राहून अंग झटकायचे तेव्हा उन्हात त्यांच्याभोवती पांढरं धुकं तयार व्हायचं. अम्मांना माझी धनगरी बोली फार आवडे. त्या मुद्दाम मला बोलायला लावायच्या आणि वाढताना विचारायच्या, "और एक भाकरी लेती गे? तुम्हारे तात्या पूछेंगे मेरेकू, पोरगी वाळली कशी." ईदला शेवया, आणि बेंदराच्या सणाला माझ्यासाठी मुद्दाम केलेली पुरणपोळी. अम्मांची पुरणपोळी फाटायचीच. ती फाटायची म्हणूनच मला आवडे.

आणि दर पुनवेला एसटी. बाई किरकोळ रजा टाकायच्या. त्या गाडीत वह्या तपासायच्या, मी खिडकीशी. कवलापूर, तासगाव, मांडवावरच्या द्राक्षांचा आंबूस वास. मग विटा, स्टँडवरची भजी. मग भिवघाट, आणि तिथून पुढं माती, झाडं, हवा सगळं हळूहळू कोरडं, आपलं होत जायचं. फाट्यावर तात्या उभे. मला बघून फक्त म्हणायचे, "आलीस व्हय." बाईंना काहीच बोलायचे नाहीत. पण परतताना बाईंच्या पिशवीत हुलगे, मटकी, कधी शेळीच्या दुधाचा खवा आपसूक भरलेला असायचा.

नववीत होते तेव्हा बाईंना टायफॉईड झाला. पुनव दोन दिवसांवर आली आणि त्यांना अंथरुणातून उठवेना. मी म्हटलं, एकदा नाही गेले तर काय होतं? पडल्या पडल्या बाईंनी मान हलवली. तेव्हा दारात उभे असलेले अब्बा म्हणाले, "मैं जाता." अब्बा मिरजेपलीकडं कधी गेले नव्हते. दुकान बंद ठेवून, इस्त्रीचा सदरा घालून ते माझ्याबरोबर निघाले. भिवघाटाच्या अलीकडं गाडी पंक्चर झाली. डोंगरामागं सूर्य गेला, समोरून चांद वर आला, पूर्ण, तांबूस. अब्बा रस्त्याकडेला उकिडवे बसून सारखं म्हणत होते, "या अल्ला, उगवला की गं. उगवला."

आम्ही फाट्यावर उतरलो तेव्हा तात्या तिथं होते. काठी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. बाईंच्या जागी हा अनोळखी म्हातारा बघून ते थबकले.

अब्बांनी हात जोडले. "मी बाईंचा बाप. पोरगी आजारी हाय माझी. तुमची अमानत घेऊन आलोय. उशीर झाला, माफ करा."

तात्यांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. घामेजलेला सदरा, धुळीनं भरलेले पाय, भुवईत अडकून राहिलेला एक कापसाचा तंतू. मग ते म्हणाले, "चला घरी. भाकरी खाऊ."

सकाळी मी उठले तर दोघे अंगणात बसलेले. पुढ्यात नुकती कातरलेली लोकर. अब्बा चिमटीत धरून ती ओढून बघत होते, बोटांनी मोकळी करत होते, नाकाला लावत होते. खिशाच्या शिवणीत अडकलेला कापसाचा पुंजका काढून त्यांनी तात्यांच्या तळव्यावर ठेवला. तात्यांनी तो अंगठ्यानं पसरला.

"ही तर झाडाची लोकर," तात्या म्हणाले.

"आन् हा मेंढराचा कापूस," अब्बा म्हणाले.

मग ते दोघे जे हसले, तसे दोन म्हातारे हसताना मी पुन्हा कधी पाहिले नाहीत.

परतताना फाट्यावर गाडी आली तेव्हा तात्या अब्बांना म्हणाले, "बाईला सांगा, आता पुनवंचं ऱ्हाऊ द्या. सुट्टीला आली तरी चालंल पोरगी."

"नक्को तात्या," अब्बा म्हणाले. "सवय झाली आता आमाला बी."

पुढच्या पुनवेला बाई बऱ्या झाल्या होत्या, पण अजून अशक्त. जायचं कसं याची चर्चा सकाळी चालू होती, तोच बोळात कुत्री भुंकायला लागली. मी बाहेर आले. मागांच्या त्या खडखडाटात, दोन्हीकडच्या घरांकडं बिचकून बघत, खांद्यावर घोंगडं आणि पाठीवर लोकरीचं गाठोडं घेऊन तात्या येत होते. आयुष्यात पहिल्यांदा ते सांगलीला आले होते. विचारत विचारत.

"तात्या, तुमी?"

"आज पुनव न्हाई व्हय?" तात्या म्हणाले. "बाईला कशाला दगदग. भेट झाल्याशी कारण. ती काय तुज्या दारात आन् काय माज्या."

ते दोन दिवस राहिले. अब्बांनी पिंजणीवर ती लोकर पिंजली. तुंऽई, तुंऽई. करडे आणि काळे तंतू दुकानभर उडाले, पांढऱ्या कापसात मिसळले, आणि तात्या उंबऱ्यावर बसून तोंडात बोट घालून बघत राहिले. त्या लोकरीची अम्मांनी एक उशी शिवली. बोळातली माणसं येऊन बघून जात; अब्बा सगळ्यांना सांगत, "हे आमच्या पोरीचे तात्या." आमच्या पोरीचे. तिसऱ्या दिवशी तात्या एकटेच, छाती काढून, एसटीत चढले आणि सुखरूप घरी पोचले. पोचल्याचं पत्र त्यांनी गावच्या मास्तरांकडून लिहवून धाडलं होतं. त्यात एकच ओळ होती, की पाणी तिकडं लय हाय पण माडगं मिळत न्हाई.

तात्या गेले, अब्बा-अम्मा गेले. आमच्या वस्तीवर आता पाणी आलंय, डाळिंबं उभी आहेत, पोरी सायकलवरून शाळेला जातात. शालन फलटणला असते, तिचे दोन्ही मुलगे साखर कारखान्यात आहेत. फोन केला की ती आधी दाढी खाजवल्याचा आवाज काढते.

परवा बाईंशी बोलता बोलता हे सगळं निघालं. मी विचारलं, "बाई, मला न्यायचं तुमच्या मनात आधीच होतं. मग तो शेवटचा प्रवेश तरी कशाला ठेवलात? तात्या समोर बसणार हे माहीत होतं की."

"हेडमास्तर म्हणालेच होते, तो काढून टाका म्हणून. लिंबाचा पाला पिऊन सगळे बरे झाले, तिथं संपवा, लोक खूश होतील." बाईंनी वर्तमानपत्राची घडी घातली. "रात्रभर विचार केला. पण तेवढं लपवून तुला मागितलं असतं, तर माझ्यात आणि त्या कप्तानात फरक काय राहिला असता?"

त्यांनी बोळाकडं पाहिलं. समोरच्या दारात एक बाई तांदूळ निवडत होती.

"तुम्हाला वर्गात मी एक गोष्ट सांगितली नव्हती," मग त्या म्हणाल्या. "पाटलाबरोबर नेलेली बाकीची माणसं होती ना. मिळून दहाएक. त्यांत एक मुलगी होती, दहा वर्षांची असेल. बाकीची सगळी तिकडं मेली. ती एकटी जगली."

"मग? पुढं?"

"पुढं काही नाही. कुणी लिहूनच ठेवलं नाही. ती मोठी झाली का, कुठं राहिली, काही नाही. नावसुद्धा नाही." बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "तुझ्या तात्यांनी त्या दिवशी अट घातली ना, काठीनं रेघा ओढत, तेव्हा मला वाटलं, तिच्या बाजूनं कुणीतरी बोलतंय. म्हणून मी हो म्हटलं. नाहीतर दर महिन्याला आटपाडीला जायचं मला काय जमणार होतं? मला गाडी लागायची गं."

तीन वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून प्रवास केला. गाडी लागतेय हे मला दिसू नये म्हणून त्या वह्यांत मान घालून बसायच्या, ते मला परवा कळलं.

आतून त्यांच्या भाचीनं हाक मारली, "फुफू, जेवण वाढलंय, पाहुण्यांना घेऊन या." बाईंनी माझ्या खांद्यावर हात टेकला, मी त्यांच्या कमरेला धरलं, आणि आम्ही दोघी हळूहळू उठून आत गेलो.